हा कुत्रा तुमचा कशावरून?



लोट्यात आता पहाटेची चांगली थंडी पडायला लागली आहे. कलमांना मोहोर फुटायची ही वेळ. ऑक्टोबरअखेरच्या पावसानं भात आडवं केलं, जमिनीत ओल जास्त दिवस राहिली, त्यामुळं यंदा मोहोर मागंपुढं होणार असं दिसतंय. तुडतुड्यासाठी पहिली फवारणी झाली. खालच्या मळ्यात भात काढून कुळीथ नि पावटा टाकलाय, उगवण बरी आहे. त्याबद्दल पुढच्या नोंदीत सविस्तर लिहीन. आज जरा वेगळं.

परवा कुळथाचा फोटो टाकला होता. त्यात मागं गडग्यावर कुत्रा बसलेला दिसतो. तिघाचौघांनी लगेच विचारलं, "दादा, हा खंड्याच ना? तुम्ही तर तो देऊन टाकला होता ना?"

होय, खंड्याच. देऊन टाकला होता, परत आणला. ही गोष्ट मी इतके दिवस लिहिली नव्हती, कारण तिच्यात मी काही शहाणा दिसत नाही. पण नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा कुत्र्यांचा आदेश आला, तेव्हापासून आमच्या वाडीत रोज कोणीतरी म्हणतं, "आता सरकारच कुत्री नेऊन सांभाळणार. आपलं नको असलेलं पण द्यायचं त्यांच्यात, सुटलो." म्हणून म्हटलं, लिहावंच.

खंड्या आमच्याकडं आला त्याला सात वर्षं झाली. हायवेच्या कडेला कोणीतरी पोत्यात तीन पिल्लं आणून सोडली होती. दोन गाडीखाली गेली, एक धाकट्या मुलानं उचलून आणलं. आपल्याकडची ही जुनी रीत तुम्हाला माहीत आहेच. नको झालेलं कुत्रं पोत्यात घालायचं नि घाटाखाली नाहीतर नदीपलीकडं नेऊन सोडायचं, म्हणजे वास काढत परत येत नाही. मारलं नाही, सोडलं, म्हणजे पाप नाही असा हिशेब. मीही लहानपणी आजोबांबरोबर असं एक पोतं घेऊन गेलो आहे.

तांबूस रंग, छातीवर पांढरा ठिपका, शेपूट वर वळलेली. आपलं गावठी कुत्रं. दोन वर्षांचा असताना रानडुकराला आडवा गेला नि त्यानं उजवा कान अर्धा फाडला. तेव्हापासून खंड्या शहाणा झाला. डुकराच्या अंगावर जात नाही. लांब उभा राहून भुंकत राहतो, आपण बॅटरी घेऊन जाईपर्यंत त्याला खोळंबून धरतो. कुत्र्याचं काम तेवढंच असतं, मंडळी. कुत्रं डुक्कर मारत नाही, आपल्याला उठवतं. माकडांचंही तसंच. टोळीतली दोन त्याला एकीकडं नाचवतात, बाकीची दुसरीकडून कलमावर चढतात. पण ज्या वर्षी कुत्रं नाही त्या वर्षी काय होतं ते मी पुढं सांगतोच आहे.

आता त्रास कुठं सुरू झाला ते सांगतो. आमची बाग रस्त्याला लागून आहे. आमच्या लोट्यात एमआयडीसी, केमिकलच्या कंपन्या. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा अशा पाळ्या सुटतात नि लागतात. पूर्वी पोरं कंपनीच्या बसनं नाहीतर चालत जायची, आता प्रत्येकाकडं मोटारसायकल. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून खंड्याला मोटारसायकलमागं धावायची खोड लागली. आधी नुसतं भुंकायचा, मग रस्त्यावर उतरायला लागला. गावात दोघांनी सांगितलं, "दादा, तुमचा कुत्रा आवरा." मी हो हो म्हटलं. बांधून ठेवला तर बाग कोण राखणार, हा माझा हिशेब.

फेब्रुवारीत रात्रीच्या पाळीला जाणारा एक मुलगा खंड्यामुळं पडला. चावला नाही, पण मुलगा गाडीसकट घसरला, गुडघ्याला लागलं, पाय प्लॅस्टरमध्ये. बाहेरगावचा मुलगा, इथं भाड्याच्या खोलीत राहतो. महिनाभर कामावर जाता आलं नाही. दवाखान्याचा खर्च मी दिला, त्याचा बुडालेला पगार मात्र कोणी दिला नाही, मीही नाही. गावकीत विषय निघाला. कोणी म्हणालं गोळी घाला, कोणी म्हणालं घाटाखाली सोडा. माझं तोंड बंद.

तेव्हा आमचा मेव्हणा म्हणाला, "दाजी, मला द्या. माझ्या गोडाऊनला राखण पाहिजेच आहे." तो मुंबईच्या बाजूला एका शहरात असतो. मला बरंच वाटलं. पोत्यात घालून सोडायला नको, ओळखीत जातोय, खायला मिळेल. मार्चअखेर आंब्याची पहिली गाडी वाशीला निघाली, तिच्यातून पाठवून दिला. घरच्या माहेरी लग्नाला गेल्या होत्या. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, म्हणूनच विचारलं नाही, हेही खरं.

पिकअपचं फाळकं उघडलं तसा खंड्या आपणहून उडी मारून पेट्यांच्या बाजूला पेंढ्यात जाऊन बसला. त्याला गाडीत बसायची सवयच होती. मी खेडला नाहीतर चिपळूणला निघालो की तो यायचा. मी फाळकं लावलं नि मागं राहिलो. गाडी वळेपर्यंत तो माझ्याकडं बघत होता. तो भुंकला असता, ओरडला असता, तर मला एवढं वाटलं नसतं.

एप्रिल गेला. माकडांनी चार कलमांचा आंबा खाली पाडला, खाल्ला कमी नि नासला जास्त. पडवीत झोपून मी दोन महिने डबा वाजवला. घरच्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मेव्हण्याचा फोन आला. खंड्या दावं तोडून पळाला होता. तिथल्या महापालिकेच्या कुत्रे पकडायच्या गाडीनं उचलला नि केंद्रात नेला. "दाजी, मला काय तो परत नको. रात्रभर भुंकतो, बाजूचे तक्रार करतात. तुम्ही म्हणत असाल तर असू द्या तिकडंच. सरकारी आहे, खायला घालतात."

मलाही ते पटलं. सरकारी जागा, डॉक्टर, दोन वेळचं खाणं. आणखी काय पाहिजे? जाऊन काय लिहून द्यायचं ते देऊ नि मोकळं होऊ, असं ठरवलं. नाहीतरी वाशीला गाडी जायचीच होती. रात्री अकराला पेट्या भरून निघालो.

गाडीत झोप आली नाही. बाबांची आठवण झाली. बाबा परळला गिरणीत होते. ते बैलघोड्याच्या हॉस्पिटलचं फार कौतुकानं सांगायचे. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटीट जनावरांचं हॉस्पिटल. एकोणिसाव्या शतकात पारशी देणगीतून उभं राहिलेलं. ट्रामचे घोडे, गाड्यांचे बैल तिथं यायचे, म्हणून गिरणगावात सगळे त्याला बैलघोड्याचं हॉस्पिटलच म्हणत. पण तेच बाबा कुत्र्याच्या गाडीचंही सांगायचे. ती गाडी चाळीत आली की पोरं आपापली कुत्री घरात कोंडून घ्यायची, कारण गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे. मुंबईत महापालिका पकडलेली कुत्री मारून टाकायची, ते १९९४ पर्यंत चालू होतं. त्याच्याही फार आधी, १८३२ साली, इंग्रज सरकारनं मुंबईत मोकाट कुत्री मारायला लोक लावले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरून दंगल झाली होती. म्हणजे हा कुत्र्यांचा प्रश्न काही आजचा नाही.

वाशीला पहाटे पेट्या उतरवल्या, हिशेबाचं बोलणं झालं, नि तिथून केंद्रात गेलो. शहराचं नाव लिहीत नाही. त्या लोकांची काही चूक नाही, उलट चांगलेच वागले, पण उगाच कोणाला त्रास नको.

केंद्र म्हणजे पत्र्याची लांब शेड, दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे. फरशी धुतलेली, फिनेलचा वास. भुंकण्याचा आवाज एवढा की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. टेबलावर एक डॉक्टर ताई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.

मी सांगितलं, "माझा कुत्रा तुमच्याकडं आलाय. मला तो तुमच्याकडंच ठेवायचा आहे. कुठं सही करू?"

त्या म्हणाल्या, "काका, इथं ठेवून घेत नाहीत. हा दवाखाना आहे, वृद्धाश्रम नाही."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं, नि मला वाटतं तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना नसेल. अशी बहुतेक सरकारी केंद्रं कुत्री कायमची पाळायला नाहीत. तिथं मोकाट कुत्रं आणतात, नसबंदी करतात, पिसाळण्याविरुद्धची लस देतात, ओळखीसाठी कानाला खाच पाडतात, ऑपरेशननंतर किमान चार दिवस ठेवतात, नि जिथून उचललं तिथंच नेऊन सोडतात. हा केंद्र सरकारचा नियम आहे. आधी २००१ चे नियम होते, आता २०२३ चे आहेत. त्याच जागी सोडायचं कारण असं की, दुसरीकडं सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात, नि मोकळ्या झालेल्या जागेत नवीन, लस न दिलेली कुत्री येऊन राहतात. शिवाय कुत्री वाढत जातात त्या वेगानं पिंजरे वाढत नाहीत.

ताई म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, म्हणून मोकाट समजून आणला. काल नसबंदी झाली, लसही दिली. कान फाटलेला बघून आमच्या माणसांना आधी वाटलं, हा झालेलाच आहे. नंतर कळलं. आता त्याला दोनच रस्ते आहेत. तुम्ही मालक म्हणून घेऊन जा, नाहीतर शनिवारी गाडी त्याला जिथून उचलला तिथं सोडून येईल."

ती जागा मी बघितली होती. गोडाऊनांची रांग, कंटेनरची ये-जा, चोवीस तास ट्रक. पिल्लू असताना हायवेवरून उचलून आणलेला खंड्या म्हातारपणी परत हायवेवर.

"बघायचाय का?" त्यांनी विचारलं.

मला बघायचं नव्हतं, खरं सांगतो. पण नाही म्हणायची लाज वाटली. शेडच्या टोकाला गेलो. वाटेत एका पिंजऱ्यात मोठा, जाड, पिवळसर जातिवंत कुत्रा होता, डोळ्यांवर सारा आलेला. असा कुत्रा विकत घ्यायचा तर पैसे पडतात. त्याला कोणीतरी रात्री फाटकाला बांधून गेलं होतं. बरोबर त्याची ताटली नि चादर ठेवली होती. ताई म्हणाल्या, "काका, रस्त्यावरची कुत्री रस्ता ओळखतात. घरातून सोडलेल्यांचे जास्त हाल होतात. हा तीन दिवस काही खात नव्हता."

ताटली बघून मला माझा पेंढा आठवला. मीही गाडीत खंड्याला टोचू नये म्हणून पेंढा टाकला होताच.

खंड्या शेवटून दुसऱ्या पिंजऱ्यात होता. बारीक झालेला. मला बघितलं. उठला नाही. मान पुन्हा पायांवर ठेवली. मला वाटलं, ओळखलं नाही. आता वाटतं, ओळखलं होतं. खरं काय ते त्यालाच ठाऊक.

मी काहीच ठरवलं नाही. "कळवतो" म्हणून निघालो. रिकाम्या पिकअपमधून परत लोट्याला आलो.

रात्री जेवताना घरच्यांना सगळं सांगितलं. शनिवारचंही सांगितलं. मग विचारलं, "काय करू या?"

त्या म्हणाल्या, "देताना मला विचारलं नव्हतंत. आता कशाला विचारताय?" नि ताट उचलून आत गेल्या.

दोन दिवस मी मनात जमाखर्च मांडला. आणला तर परत कोणी पडणार, परत गावकी बसणार. नाही आणला तर शनिवार. कायदा काय म्हणतो तेही मोबाईलवर वाचलं. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेचा कायदा आहे. त्यात उपाशीतापाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे, नि पहिल्या खेपेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. म्हणजे सातशे मैलांवर नेऊन सोडला असता तरी पन्नास रुपयांत सुटलो असतो. उलट आपल्या जनावरापासून माणसाला धोका होईल अशी हयगय केली तर भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट उजेडात आली. मुलगा पडला तो खंड्याच्या चुकीनं नाही, माझ्या हयगयीनं पडला. मला दोघांनी सांगितलं होतं, मी फाटक लावलं नाही. शिक्षा मात्र कुत्र्याला दिली.

शुक्रवारी रात्री दुसऱ्या बागायतदाराच्या गाडीतून परत निघालो. घरच्यांनी काही न बोलता जुना पट्टा नि दोन भाकऱ्या पिशवीत घातल्या. एक भाकरी माझी नव्हती हे मला कळलं.

शनिवारी सकाळी केंद्रात पोचलो तेव्हा गाडी बाहेर उभी होती. ताईंची त्या दिवशी सुट्टी. टेबलावर दुसरे गृहस्थ. मी म्हटलं, "माझा कुत्रा न्यायला आलोय."

त्यांनी वहीत बघितलं. "इथं तर लिहिलंय, पट्टा नाही, मालक नाही. हा कुत्रा तुमचा कशावरून?"

बरोबर प्रश्न होता त्यांचा. कोणीही येऊन कुत्रं माझं म्हणेल नि घेऊन जाईल, तसं कसं चालेल? लसीचं कार्ड आहे का? नाही. पट्ट्यावर नाव, फोन? पट्टाच नव्हता. ग्रामपंचायतीचा काही कागद? नाही. डॉक्टरची चिठ्ठी? सात वर्षांत त्याला कधी डॉक्टरकडं नेलाच नव्हता. कान फाटला तेव्हा हळद लावली होती.

मंडळी, माझ्याकडं कागद कशाचा नाही? जमिनीचा सातबारा आहे, आठ अ आहे. ई-पीक पाहणी दर हंगामाला करतो. यंदा फार्मर आयडी काढला. गाईच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे, तिचं लसीकरण ऑनलाइन दिसतं. पण सात वर्षं जो रात्रभर ही सगळी मिळकत राखत होता, तो माझा आहे असं सांगणारा एक कागद माझ्याकडं नव्हता. तीन दिवसांपूर्वी मी त्याच टेबलाशी उभा राहून "हा माझा नको" अशी सही करायला तयार होतो, नि आता "हा माझा आहे" हे सिद्ध करता येईना.

मग हे पान आठवलं. मोबाईल काढून जुन्या नोंदी खाली खाली सरकवत गेलो. आंब्याचे, भाताचे, किडीचे शेकडो फोटो. खंड्याचा म्हणून काढलेला एकही नाही. शेवटी एका जानेवारीतली तुडतुड्याची नोंद सापडली. मोहोराचा फोटो, नि मागं कोपऱ्यात गडग्यावर बसलेला तो. छातीवरचा ठिपका दिसतो, फाटका उजवा कान दिसतो. खाली तुमच्यातल्याच कोणीतरी लिहिलं होतं, "दादा, राखणदार जोरात आहे."

गृहस्थांनी फोटो मोठा करून बघितला, पिंजऱ्यापाशी जाऊन कान बघितला, नि हसले. आधार कार्डाची प्रत घेतली. लिहून घेतलं की हा कुत्रा माझा आहे, त्याला मोकाट सोडणार नाही, दरवर्षी लस देईन, त्यानं कोणाला इजा केली तर जबाबदारी माझी. मी सही केली. आयुष्यात सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवर भरपूर सह्या केल्या, पण वाचून केलेली ही पहिलीच.

पिंजरा उघडला तेव्हा तो बाहेर आला, भाकरी हुंगली, खाल्ली नाही. पिकअपपाशी मात्र थांबला. फाळकं उघडलं तरी उडी मारेना. दोन महिन्यांपूर्वी आपणहून चढला होता तो. मी वाकून त्याला उचलला नि आत ठेवला, नि या खेपेला पुढं ड्रायव्हरशेजारी न बसता मागं त्याच्याजवळ बसलो. कुठं तरी पेणच्या पुढं त्यानं भाकरी खाल्ली.

लोट्याला आल्यावर पहिलं काम केलं ते प्लॅस्टरवाल्या मुलाच्या खोलीवर जाण्याचं. कुत्रा परत आणलाय हे त्याला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. तो आता चालायला लागला होता, थोडा लंगडत. काही रागावला नाही. एवढंच म्हणाला, "काका, कुत्ता रखो, पर गेट लगाओ." दोन पेट्या आंबा घेऊन गेलो होतो, एकच ठेवून घेतली. त्याचा बुडालेला पगार मी नंतर दोन हप्त्यांत दिला. आधीच द्यायला हवा होता.

दोन-तीन दिवसांतच पाऊस सुरू झाला. २०२५ साली मॉन्सून २६ मेलाच मुंबईत, आठवत असेल तुम्हाला. उरलेला आंबा झाडावरच गेला. पण त्या पावसात भिजत मी नि धाकट्यानं रस्त्याकडची बाजू बंद केली. जिथं गडगा पडला होता तिथं जांभा रचला, वाटेवर बांबूचं फाटक केलं. खर्च फारसा नाही, चार दिवसांची मेहनत. हीच मेहनत गेल्या वर्षी केली असती तर एवढं सगळं झालंच नसतं.

आता त्याची पद्धत अशी आहे. सकाळी साडेसहाला बांधायचा, दिवसभर गोठ्याच्या सावलीत लांब दाव्यावर. रात्री अकराची पाळी गेली की साडेअकराला बागेत मोकळा, फाटक बंद. गळ्यात पट्टा, पट्ट्याला अंधारात चमकणारी पट्टी, तिच्यावर माझा फोन नंबर. खोड पूर्ण गेली का? नाही. मोटारसायकलचा आवाज आला की अजून मानेवरचे केस उभे राहतात. पण रस्त्यावर जाता येत नाही, नि नसबंदीनंतर भटकणंही कमी झालंय.

आता कोर्टाबद्दल, कारण त्यावरून गावात फार गोंधळ आहे. मी बातम्यांतून समजलो ते असं. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो बदलला. नसबंदी नि लस करून त्याच जागी सोडा, फक्त पिसाळलेली किंवा अंगावर येणारी ठेवून घ्या. मग ७ नोव्हेंबरला देशभरासाठी आदेश आला की शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुलं इथली कुत्री काढून निवाऱ्यात ठेवा, ती परत तिथं सोडू नका. हायवेवरची मोकाट जनावरंही हटवायला सांगितलं आहे, ते आपल्या लोट्याला लागू पडतं. पण यात कुठंही असं नाही की घरातलं नको झालेलं कुत्रं सरकारनं घ्यावं. ते निवारे मोकाट कुत्र्यांसाठी आहेत. आपण ज्याला भाकरी टाकली, ज्याच्याकडून राखण करून घेतली, तो मोकाट नाही. आपण त्याला मोकाट करतो.

तेव्हा विनंती एवढीच:

१. कुत्रं पाळलंय तर तीन महिन्यांचं झाल्यावर लस, मग दरवर्षी. आपल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा. कार्ड घ्या नि गाईच्या कागदांबरोबर ठेवा.

२. पट्टा घाला, त्यावर फोन नंबर लिहा. एक सरळ फोटो काढून ठेवा. माझ्यासारखं तुडतुड्याच्या मागं शोधायची वेळ येऊ नये.

३. मादी असेल तर नसबंदीचं आधीच बघा. पोत्यातली पिल्लं तिथूनच सुरू होतात.

४. कोणाला चावलं तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा नि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. सुया पूर्ण घ्या, मधे सोडू नका. पिसाळण्याची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही.

५. द्यायचंच असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारून द्या, नि कुणाला देताय त्याची जागा आधी बघून या.

घरच्या आता बोलतात. खंड्या त्यांच्याशी पहिल्यासारखा आहे. माझ्याशी थोडा राखून असतो. मी पिकअपचं फाळकं उघडलं की उठून गोठ्यामागं जातो. पूर्वी पहिला चढायचा. त्याला मी काही बोलत नाही. येईल तेव्हा येईल.

काल रात्री दोनला भुंकला. उठून गेलो तर कुळथाच्या कडेला पाच-सहा डुकरं. बॅटरी मारली, पळाली. नुकसान नाही.

उद्या पावट्याला पाणी द्यायचं आहे. मोहोराचं काय दिसतं ते चार दिवसांनी लिहितो. तुमच्याकडं मोहोर कसा आहे, कळवा.